कानात सांगितलेलं नाव

बाळंतिणीच्या खोलीतून शेपा-ओव्याच्या धुरीचा वास यायला लागला की वाईच्या आमच्या घरात नावाची चर्चा सुरू व्हायची. बाळ जन्मायच्या आधी नाव ठरवायचं नाही, असा दंडकच होता. कुणी चुकून विषय काढला तर आई तोंडावर बोट ठेवायची. त्यामुळे पहिले दिवस बाळ नुसतंच 'बाळ' असे, किंवा ज्याच्या मांडीवर असेल त्याच्या लहरीप्रमाणे सोन्या, छकुल्या, बाब्या असं काहीही. पाचवीला पाट्यावर सटवाईची पूजा मांडली जाई आणि तिच्यापुढे कोरा कागद नि दौत-लेखणी ठेवली जाई. नशीब सटवाईनं लिहायचं. नाव मात्र आपण ठेवायचं, आणि ते काम सटवाईच्या कामापेक्षा सोपं नाही, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलं.

1971 च्या ज्येष्ठात माझ्या थोरल्या भावाला मुलगा झाला. पहिली मुलगी वहिनीच्या माहेरी झाली होती, त्यामुळे आमच्या घरातलं बऱ्याच वर्षांनी पहिलं बारसं हेच. मी तेव्हा कॉलेजात होते आणि आत्या म्हणून कानात नाव सांगण्याचा मान माझा होता. गंगापुरीतून जोशीबुवा दाते पंचांग काखेत मारून आले. ओसरीवर पाट मांडला, गूळ-पाणी झालं, जन्मवेळ विचारली गेली आणि बुवांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजून सांगितलं, "हस्त नक्षत्र, तिसरं चरण."

आता ज्यांनी अवकहडा चक्र पाहिलंय त्यांना यातली गंमत लगेच कळेल. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाची चार चरणं आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर. अशी ही एकशे आठ अक्षरांची माळ. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. हस्ताला पू, ष, ण, ठ. म्हणजे आमच्या बाळाच्या वाट्याला नेमका 'ण' आला होता. 'ण'वरून मराठीत नाव कुठून आणायचं? माझी पाच वर्षांची भाची तेवढ्यात म्हणाली, "णपती ठेवा!" जोशीबुवा मनापासून हसले. मग म्हणाले, कन्या रास आहे, राशीचा 'प' घ्या, 'ठ' घ्या, काही बिघडत नाही.

'ठ' कुणालाच नको होता. 'प'वर मात्र सगळं घर तुटून पडलं.

शेजारचे काका विश्वकोशाच्या कचेरीत कामाला होते. त्या कचेरीमुळे आणि प्राज्ञपाठशाळेमुळे वाईत संस्कृत जाणणारी माणसं गल्लोगल्ली भेटत. काकांनी सांगितलं की गृह्यसूत्रांप्रमाणे मुलाचं नाव समाक्षरी हवं, दोन किंवा चार अक्षरांचं. मुलीचं विषमाक्षरी. तेव्हा 'पद्मनाभ' ठेवा. माझ्या धाकट्या भावाला अक्षराशी देणंघेणंच नव्हतं, त्याला 'सुनील' हवं होतं. त्याच वर्षी वेस्ट इंडिजमध्ये गावसकरनं चार कसोटींत 774 धावा काढल्या होत्या आणि रात्री ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेल्या पोरांना दुसरं नाव सुचत नव्हतं. मामांचं पत्र आलं, त्यात 'प्रल्हाद' होतं. कापडाच्या दुकानातले एक स्नेही 'प्रदीप' सुचवून गेले. दादा, म्हणजे बाळाचा बाप, काहीच बोलत नव्हता. वडीलधाऱ्यांपुढे आपल्या मुलाला मांडीवर घेणंसुद्धा तेव्हा संकोचाचं होतं, नाव सुचवणं तर दूरच.

आणि आई. तिचं केव्हाच ठरलेलं होतं, पण तिला ते सांगता येत नव्हतं. "यांचं," एवढंच ती म्हणाली.

माझे वडील त्याच्या तीन वर्षं आधी गेले होते. घरात ते सगळ्यांचे अण्णा. त्यांचं खरं नाव पांडुरंग. ते घरात कधी उच्चारलं गेल्याचं मला आठवत नाही. ते नाव पोस्टमन घ्यायचा, तलाठी घ्यायचा आणि आम्ही भावंडं शाळेच्या फॉर्मवर आपल्या नावापुढे ते लिहायचो. आईनं ते लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आता नातवाचं नाव पांडुरंग ठेवलं तर आईला त्याला हाक मारता येणार नाही, वहिनीला सासऱ्यांचं नाव म्हणून घेता येणार नाही, आणि आम्हा भावंडांच्याही जिभेवर ते येणार नाही. ज्या घरात मुलाला नावानं हाक मारायला एक माणूस सापडणार नाही, त्या घराला तेच नाव हवं होतं.

ही अडचण काही आमच्या एकट्याची नव्हती. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांतून बाळ, बापू, अण्णा, नाना, तात्या, भाऊ, आबा यांची जी दाटी दिसते, तिच्यामागे बऱ्याचदा हेच कारण असे. पाळण्यात आजा-पणजाचं नाव ठेवायचं आणि हाकेला दुसरं काढायचं. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. घरी बाळ म्हणत आणि बाळ गंगाधर म्हणूनच ते साऱ्या देशाचे झाले. आमच्या आळीत तर एका आजीबाई नवऱ्याचं नाव मिळालेल्या नातवाला अहो-जाहो करत. तीन वर्षांचं पोर चड्डी सावरत अंगणात पळायचं आणि आजी दारातून म्हणायची, "अहो, उन्हात जाऊ नका." आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. ते पोरही मोठ्या रुबाबात परत यायचं.

आई इतकी का अडून बसली होती, ते मला त्या वेळी पुरतं कळलं नाही. पुढे मी शिक्षिका झाले, वर्षानुवर्षं हजेरीपट लिहिले, तेव्हा उमगलं. आपलं मराठी नाव म्हणजे स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. यात आजोबाला जागा नाही. नातू जन्मला की आजोबाचं नाव कागदावरून पुसलं जातं. म्हणून मग आजाचं नाव नातवाला. माधव रामचंद्र, त्याचा मुलगा रामचंद्र माधव, त्याचा पुन्हा माधव रामचंद्र. जुन्या घराण्यांच्या वंशावळी उघडून पाहा, दोन-दोन नावांची अशी वीण पिढ्यान् पिढ्या चाललेली दिसेल. माणूस गेला तरी एक पिढी तो मुलाच्या मधल्या नावात थांबायचा आणि पुढच्या पिढीत पुन्हा पहिल्या जागेवर यायचा. आईला अण्णांना असं परत आणायचं होतं. माझ्या मते नाव ठेवण्याच्या सगळ्या कारणांत यापेक्षा मोठं कारण नाही.

या सगळ्या गलक्यात एका माणसाला कुणी काही विचारलं नव्हतं. एका सकाळी बाळाला तेल लावून न्हाणीघरात नेताना मी वहिनीला हळूच विचारलं, "तुला काय आवडतं?" ती बाजेवर डोक्याला रुमाल बांधून डिंकाचा लाडू खात बसली होती. आधी नुसती हसली. मग उशीखालून 'स्त्री' मासिकाचा एक जुना अंक काढला. कुठल्याशा गोष्टीच्या समासात तिनं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं : पराग. "पण वन्सं, सांगू नका कुणाला. ते काय म्हणतील तेच बरं."

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी, सगळे जेवायला बसले असताना. पंगत क्षणभर गप्प झाली. काका म्हणाले, "तीन अक्षरी आहे." धाकटा म्हणाला, "सुनील नसेल तर हे चालेल." आईनं वाढता वाढता भाताचा वाडगा खाली ठेवला आणि म्हणाली, "बुवांना विचारू."

बुवांनी जो तोडगा काढला तो धर्मशास्त्रातलाच होता, पण त्या दिवशी तो मला एखाद्या समंजस न्यायाधीशाच्या निकालासारखा वाटला. ते म्हणाले, मुलाला चार नावं असतात. देवतानाव, मासनाव, नाक्षत्रनाव आणि व्यावहारिक नाव. बाराही महिन्यांची मासनावं ठरलेली. चैत्राचं वैकुंठ, वैशाखाचं जनार्दन, ज्येष्ठाचं उपेंद्र, आषाढाचं यज्ञपुरुष, श्रावणाचं वासुदेव. आपलं बाळ ज्येष्ठातलं, तेव्हा उपेंद्र. नक्षत्राचं मी बघतो. देवतानाव पांडुरंग. व्यवहारात पराग. "तुम्हाला पांडुरंगाचं नाव घ्यायला काय हरकत? देवाचं नाव आहे ते," असं ते आईकडे बघून म्हणाले. आईनं पदर डोळ्यांना लावला आणि आत निघून गेली.

बारशाच्या सकाळी दादानं ताटात तांदूळ पसरले. सोन्याच्या अंगठीनं त्यावर नावं लिहायची होती. मी शेजारीच होते. दादानं आयुष्यभर पांडुरंग हे नाव दुसऱ्या जागी लिहिलं होतं, आपल्या नावाच्या मागे. ते एकट्यानं, ओळीच्या सुरुवातीला लिहायची ही त्याची पहिलीच वेळ. 'पां'चा अनुस्वार देताना अंगठी घसरली, दोन-तीन तांदूळ ताटाबाहेर उडाले. ते त्यानं वेचून पुन्हा आत ठेवले, ओळ बोटानं सारखी केली आणि नाव पहिल्यापासून पुन्हा लिहिलं.

दुपारी बायकांचं बारसं. पाळणा आळीत एकच होता, सागवानी, कोरीव खुरांचा, पितळी साखळ्यांचा, वर लाकडी राघू टांगलेले. ज्यांच्या घरी बारसं त्यांच्या घरी तो डोक्यावरून यायचा. आळीतली निम्मी मुलं त्याच पाळण्यात नावाला लागली होती, त्यात मीही. खणाची कुंची, जरीची टोपी, मनगटात काळे मणी. आधी वरवंट्याला तेल लावून, टोपडं घालून त्याची पाळण्याभोवती फेरी. बाळ तसंच घट्टमुट्ट व्हावं म्हणून. मग पाळण्याच्या दोन बाजूंना सवाष्णी उभ्या राहिल्या आणि गोविंद, गोपाळ अशी देवाची नावं घेत बाळाला पाळण्याखालून नि वरून एकमेकींच्या हातात देऊ लागल्या. बाळ या सगळ्यात शांत झोपलेलं. माझी पाळी आली. मी वाकले. बाळाच्या कानाला दुधाचा आणि वेखंडाचा वास होता. मी चारी नावं सांगितली, शेवटी "पराग", आणि कानात कुर्रर्र केलं. केलं मात्र, पाठीवर धपाधप धपाटे पडले. शेजारच्या काकूंचा हात फार जड होता. भाचीनंही दोन हात साफ करून घेतले. मग पाळणे म्हटले गेले. ओट्या भरल्या, घुगऱ्या वाटल्या, सुंठवडा वाटला. ओसरीवर पान लावत बसलेल्या पुरुषांपर्यंत नाव पोचायला तेवढा वेळ लागला.

त्या दिवसांत गावोगावच्या मुलांची नावं ऐकली की मुलूख कळायचा. बावधनच्या भैरवनाथाचं बगाड बघायला जायचो तिथं नाथा आणि भैरू पुष्कळ भेटायचे. पालीच्या आणि जेजुरीच्या खंडोबाच्या वाटेवर खंडू, मल्हारी, मार्तंड. कोल्हापूरकडं जोतिबा. महात्मा फुल्यांचं जोतीराव हे नावही त्याच जोतिबाच्या यात्रेमुळे पडलं, असं सांगतात. गोव्याकडं मंगेश आणि नागेश. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यांवर ज्या वारी जन्म त्या वाराचं नाव : सोम्या, मंगळ्या, बुध्या. शिवनेरीवरच्या शिवाई देवीवरून शिवबांचं नाव ठेवलं, ही कथा आम्ही चौथीच्या पुस्तकापासून ऐकत आलो. पण मला त्याहून जवळची वाटते ती त्यांच्या आजोबांची गोष्ट. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला आणि दोन मुलं झाल्यावर एकाचं नाव शहाजी ठेवलं, दुसऱ्याचं शरीफजी. ज्याच्या दारी मागणं मागितलं त्याचं नाव मुलाला द्यायचं, एवढा सरळ हिशोब होता.

आणि ज्या घरात मुलं जगत नव्हती तिथं हिशोब वेगळा. तिथं मुद्दाम धोंडू, दगडू, केरू अशी नावं ठेवत. काळाची दृष्ट पडू नये, दगड समजून त्यानं पुढे जावं. कुठं मुलाचं नाक टोचून त्याला नथू म्हणत. आमच्याकडे दळण न्यायला येणाऱ्या दगडूमामांना त्यांची आई मात्र 'राजा' म्हणून हाक मारायची, अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशी. आज ही नावं ऐकून कुणी हसलं तर मला वाईट वाटतं. त्या नावांत जेवढी माया आणि जेवढं भय भरलेलं आहे, तेवढं एखाद्या सुरेख संस्कृत नावातही क्वचित सापडेल.

कधी नाव पुढे बदलायचंही. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 1884 साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू झाले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ 1875 मध्ये बडोद्याला जाऊन सयाजीराव झाला. गजानन रंगनाथ शिरवाडकर काकांना दत्तक गेल्यावर विष्णू वामन झाले, आणि मग त्यांनी स्वतःच कुसुमाग्रज हे तिसरं नाव घेतलं. अशा दत्तक गेलेल्या मुलाच्या जन्मदात्या आईनं त्या दिवसानंतर त्याला कुठल्या नावानं हाक मारली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

धाकट्या भावाचं 'सुनील' हुकलं ते हुकलंच. पण पुढे गावसकरांना मुलगा झाला आणि त्याचं नाव त्यांनी रोहन जयविश्व ठेवल्याचं वाचलं, तेव्हा तो वर्तमानपत्र घेऊन घरभर फिरला. रोहन कन्हायचा रोहन, जयसिंहांचा जय आणि विश्वनाथचा विश्व! आपल्या आवडत्या तीन फलंदाजांना एका मुलाच्या नावात बसवलं होतं. काकांना त्यानं मुद्दाम जाऊन विचारलं, याला तुमच्या सूत्रात जागा आहे का? काका म्हणाले, "आहे. ज्यांना आपण मानतो त्यांचं नाव मुलाला द्यावं, एवढंच तर सूत्र आहे." 1973 मध्ये मराठीचे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर यांनी सचिन देव बर्मन यांच्या प्रेमापोटी धाकट्या मुलाचं नाव सचिन ठेवलं. माझ्या वर्गात पुढे सचिन इतके झाले की हजेरी घेताना आडनावानंच पुकारावं लागे. त्यांतल्या किती जणांच्या घरी बर्मनदांचं गाणं लागत असेल कोण जाणे, बहुतेकांच्या घरी बॅट मात्र होती.

आता येत्या मार्गशीर्षात परागच्या मुलाच्या घरी पाळणा हलणार आहे. म्हणजे अण्णांचा खापरपणतू किंवा खापरपणती. मुलगा का मुलगी ते बाळ आल्यावरच कळेल, त्यामुळे दोन याद्या तयार आहेत, आणि त्या फोनवर रोज इकडून तिकडे फिरताहेत. जन्माआधी नाव काढू नये, असं मी एकदा म्हणून पाहिलं. मग माझीही नावं पाठवली : मल्हार, केशव, उपेंद्र. मार्गशीर्षाचं मासनाव कृष्ण, तेही कळवलं. अवी आणि रेयांश या नावांना मी विरोध केलेला नाही. त्यांच्या कानाला ती गोड लागत असतील, तर ती त्यांची 'पराग' आहेत.

एक गोष्ट मात्र अशी झाली आहे की ती बघायला आई आणि वहिनी दोघी असायला हव्या होत्या. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारच्या निर्णयानुसार आईचं नाव येतं. आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. माझ्या आईचं नाव आमच्यापैकी एकाच्याही नावात कधी आलं नाही. वहिनीनं मासिकाच्या समासात लिहिलेलं नाव दाखल्यावर लागलं, तिचं स्वतःचं मात्र मुलाच्या नावात कुठंच नव्हतं.

परागची मुलगी हैदराबादला नोकरी करते. तीच आता आत्या होणार. परवा तिनं फोन करून विचारलं, "आजी, कानात नेमकं काय सांगायचं? नुसतं नाव, की पूर्ण?"

मी म्हटलं, "पूर्ण सांग. बाळाचं, मग त्याच्या आईचं, मग बापाचं, मग आडनाव. घाई करू नकोस, कुणी हसलं तरी थांबू नकोस. मग जोरात कुर्रर्र कर. आणि हो, त्या दिवशी जाडसर पोलकं घाल. माझा हातही आता काकूंसारखाच जड झालाय."